बेळगावात राहून आरोग्यक्षेत्रातल्या एआयची तयारी: आधी दवाखाना, मग मॉडेल

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका मुलीने दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे बेळगावच्या व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. केलं आहे. पायथॉन येतं, मशीन लर्निंगचे एक-दोन छोटे प्रोजेक्ट झालेत. धाकटा भाऊ डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा करून शहरातल्या एका लॅबमध्ये लागला आहे. तिला आरोग्यक्षेत्रातल्या एआयमध्ये काम करायचं आहे. एका क्लासवाल्याने दीड लाख रुपयांचा कोर्स आणि 'नोकरीची हमी' देऊ केली आहे. तिचं विचारणं असं: कोर्स करू का? बेंगळुरूला जावंच लागेल का? मराठी माध्यम आड येईल का? आणि भावाला यात काही वाव आहे का?

मी याच भागातला. एक्स-रे, सीटी अशा प्रतिमा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काम करतो आहे. आधी कोड लिहीत होतो, आता ते सॉफ्टवेअर रुग्णालयांत बसवणं आणि त्या कामासाठी माणसं निवडणं हे माझ्याकडे असतं. माझं उत्तर त्या बाजूने आलेलं आहे, ते तसंच वाचा.

आधी कोर्सचं. दीड लाख भरू नका, आणि कर्ज काढून तर मुळीच नको. त्यात जे शिकवतील ते एनपीटीईएल या सरकारी शिकवणीच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांकडून फुकट ऐकता येतं, पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. मॉडेल, म्हणजे डेटावरून शिकून उत्तर देणारा प्रोग्रॅम, चालवायला भारी कॉम्प्युटर नसेल तर ब्राउझरमधून गूगलचा कॉम्प्युटर वापरू देणारं गूगल कोलॅब आहे. नोकरीची हमी कुणीच देऊ शकत नाही. 'घरबसल्या मेडिकल डेटा लेबलिंग, आधी नोंदणीचे पाच हजार भरा' असे मेसेज येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. खरी कंपनी काम देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

आता मुख्य मुद्दा. फ्रेशरचे जे अर्ज माझ्यासमोर येतात, त्यांत तयार डेटा उचलून मॉडेल बनवलेले आणि 'अचूकता ९७ टक्के' लिहिलेले प्रोजेक्ट भरपूर असतात. तो डेटा कुठल्या मशीनवर, कुणी, कशा रुग्णांचा गोळा केला आणि त्यावर 'आजार आहे' हा शिक्का कुणी मारला, हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. आम्हाला कमतरता आहे ती हे सांगू शकणाऱ्यांची. आणि ते शिकण्याची जागा दवाखाना आहे. बेळगावात तो तुमच्या दारात आहे, हे तुमचं बळ समजा.

काही उदाहरणं देतो, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

पहिलं वयाचं. आपल्या भागातल्या कुठल्याही रुग्णालयाची यादी काढून जन्मतारखा मोजा. १ जून आणि १ जानेवारी या तारखांवर माणसांचा ढीग दिसेल. १ जून ही शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख, १ जानेवारी ही फक्त वर्ष माहीत असलेल्यांसाठी क्लार्कने टाकलेली. ज्यांचं वय नुसतं विचारून लिहिलं, त्यांची वयं ४०, ४५, ५०, ६० अशी पाच-दहाच्या पटीत येतात. आता 'वय ५० च्या वर असेल तर धोका जास्त' असं मॉडेल शिकलं, तर ते या अंदाजांवर शिकलं. बाहेरून आलेल्या इंजिनिअरला हे आकडे बघून सॉफ्टवेअर बिघडल्यासारखं वाटतं. तुम्हाला ते न सांगता कळतं.

दुसरं नावाचं, आणि हे सीमाभागाचं खास आहे. चंदगड तालुक्यातला माणूस तपासायला बेळगावला येतो, ऑपरेशनची वेळ आली की कोल्हापूर गाठतो, कारण महाराष्ट्राची महात्मा फुले योजना मुख्यतः तिकडे चालते आणि इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. एका ठिकाणी त्याचं नाव स्वतःचं-वडिलांचं-आडनाव असं येतं, दुसरीकडे नुसती आद्याक्षरं आणि गावाचं नाव. मराठी नाव कन्नड बोलणाऱ्या क्लार्कने ऐकून इंग्रजीत टाइप केलं की स्पेलिंग आणखी बदलतं. म्हणजे एकाच मधुमेही माणसाचे तीन वेगळे रुग्ण तयार होतात आणि तिघांचाही इतिहास अर्धवट राहतो. २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला १४ अंकी आभा क्रमांक याच तुटलेल्या नोंदी जोडण्यासाठी आहे. पण जुन्या नोंदी जुळवायला मराठी आणि कन्नड दोन्ही नावं कशी उच्चारली जातात, ती इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिली जातात, हे माहीत असलेला माणूस लागतो. हा एक प्रोजेक्ट म्हणून घेण्याजोगा विषय आहे. खऱ्या रुग्णांची नावं न वापरता, स्वतः तयार केलेल्या नावांवर तो होतो.

तिसरं तुमच्या भावाच्या टेबलावरचं. रक्त काढताना किंवा ने-आण करताना नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, उतरतं आणि रिपोर्टमध्ये ते वाढलेलं दिसतं. रुग्णाला काही झालेलं नसतं, नमुना खराब झालेला असतो. लॅबमधला माणूस सीरमचा लालसर रंग बघूनच 'हेमोलाइज्ड' म्हणतो आणि नमुना परत मागवतो. ही खूण डेटाच्या फाइलमध्ये उतरलीच नाही, तर मॉडेल त्या आकड्याला हृदयाचा धोका समजणार. तुमच्या भावाला हे रोजच्या कामातून ठाऊक आहे. मला विचाराल तर घरात दोघं असताना तुम्ही निम्मी वाट चालून आलाच आहात. संध्याकाळी त्याला बसवून विचारा: आज कुठले नमुने परत पाठवले, का पाठवले, त्याची नोंद कुठे राहिली. वहीत उतरवा. दोनेक महिन्यांत त्या वहीत जे जमेल ते कुठल्या कोर्सच्या पानांत नाही.

प्रतिमांच्या बाबतीत हीच गोष्ट मोठमोठ्या संशोधनात पुढे आली आहे. २०१८ साली अमेरिकेत न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलची तपासणी झाली. काही रुग्णालयांच्या एक्स-रेंवर शिकलेलं मॉडेल वेगळ्या रुग्णालयात ढेपाळलं, कारण एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला, हेही ते ओळखायला शिकलं होतं आणि न्यूमोनियाचे रुग्ण त्यांतल्या एका ठिकाणी जास्त होते. मधुमेहामुळे होणारा डोळ्यांचा आजार ओळखणाऱ्या गूगलच्या मॉडेलचं २०१६ साली कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण थायलंडच्या ११ आरोग्य केंद्रांत ते प्रत्यक्ष लावलं तेव्हा सुमारे २१ टक्के छायाचित्रं मॉडेलने 'तपासण्याजोगी नाहीत' म्हणून नाकारली. खोलीत अंधार नीट होत नव्हता, इंटरनेट संथ होतं, आणि नाकारलेल्या रुग्णाला दुसऱ्या दवाखान्यात जायला सांगावं लागत होतं. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क किती वेळ असतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चालायचं सॉफ्टवेअर असेल तर ते नेटवर्कशिवाय चाललं पाहिजे, हा विचार मुलाखतीत स्वतःहून मांडणारा उमेदवार माझ्या लक्षात राहतो.

तर मग प्रोजेक्ट कसा करायचा? एक नेमका सुचवतो. मधुमेहाने बिघडणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या छायाचित्रांचे दोन भारतीय संच मोफत मिळतात. एक अरविंद नेत्र रुग्णालयाचा, कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावरच्या २०१९ च्या स्पर्धेतला, प्रशिक्षणासाठी ३६६२ छायाचित्रांचा. दुसरा आयडीआरआयडी नावाचा, ५१६ छायाचित्रांचा, आपल्या नांदेडच्या एका नेत्र दवाखान्यात घेतलेला. पहिल्यावर मॉडेल शिकवा, दुसऱ्यावर तपासा. गुण घसरतील. घसरू द्या, आणि का घसरले ते शोधा: कॅमेरा वेगळा, प्रकाश वेगळा, आजाराच्या पायऱ्या ठरवणारे डॉक्टर वेगळे, की मुळात रुग्णांचं मिश्रण वेगळं? चुकलेली पन्नास छायाचित्रं एकेक करून डोळ्यांनी बघा आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहा. हे लिखाण गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवण्याच्या संकेतस्थळावर, ठेवा. ९७ टक्क्यांच्या दहा प्रोजेक्टांपेक्षा मी हे एक आधी वाचेन.

छातीचे एक्स-रे घेतलेत तर एक सापळा लक्षात ठेवा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या प्रसिद्ध संचात १,१२,१२० एक्स-रे आहेत, पण माणसं ३०,८०५. म्हणजे एकेका माणसाचे अनेक एक्स-रे. सगळे नुसते पिसून शिकवण्याचे आणि तपासण्याचे असे दोन गठ्ठे केलेत, तर तोच माणूस दोन्हीकडे जातो आणि मॉडेल आजाराऐवजी माणूस ओळखूनही गुण मिळवतं. गठ्ठे माणसांप्रमाणे करायचे. हा प्रश्न मी जवळपास प्रत्येकाला विचारतो.

दुसरा प्रश्न आकडेमोडीचा असतो, तोही इथेच सोडवून दाखवतो. समजा एका गावात १००० जणांचे क्षयरोगासाठी एक्स-रे काढले आणि त्यांत खरे रुग्ण १० आहेत. मॉडेल १०० रुग्णांतले ९० पकडतं आणि १०० निरोग्यांतल्या ९० जणांना बरोबर सोडतं. मग १० पैकी ९ रुग्ण सापडले. पण ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांवरही बोट ठेवलं. एकूण १०८ जणांवर संशय, त्यांत खरे ९. आता तेच मॉडेल छातीच्या ओपीडीत न्या, जिथे १००० पैकी ३०० खरे रुग्ण आहेत. २७० सापडतात, खोटा संशय ७० जणांवर. म्हणजे संशयितांत जवळजवळ ८० टक्के खरे. मॉडेल तेच, फक्त जागा बदलली. गावातल्या आशाताईला 'यंत्राने नाव काढलं म्हणजे टीबी झाला असं नाही, थुंकीची तपासणी करायची आहे' हे नीट समजावलं नाही, तर ९९ घरांत उगीच भीती शिरते. आणि त्याच वेळी हेही खरं की १००० जणांची थुंकी तपासण्याऐवजी १०८ जणांची तपासावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यावरच्या लोकांच्या क्षयरोग चाळणीसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली, ती याच हिशेबाने. हे सगळं मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत न अडखळता सांगता येईल इतका सराव करा.

यातून भाषेच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालंच असेल. मराठी माध्यम आड येत नाही. इंग्रजी मात्र लागतं. भाषणापुरतं नव्हे, शोधनिबंध वाचायला, ईमेल लिहायला आणि डॉक्टरांशी नेमकं बोलायला. रोज एक शोधनिबंध घेऊन त्याची पद्धत आणि मर्यादा हे दोन भाग वाचायची सवय लावा. कन्नड चांगलं करा, लिहिता-वाचता येईल इतकं. आपल्याकडे पुष्कळ मुलं बोलण्यापुरतं शिकून थांबतात, पण आरोग्य केंद्रातली रजिस्टरं आणि फॉर्म कन्नडात असतात. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी चारही येणारा माणूस हुबळीच्या आणि कोल्हापूरच्या दोन्ही रुग्णालयांत सॉफ्टवेअर बसवायला जाऊ शकतो, आणि असा माणूस सहज मिळत नाही. शिवाय बोललेलं ऐकून केसपेपर लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरवर आता बरंच काम चालू आहे. २०२२ मध्ये सुरू झालेलं केंद्राचं भाषिणी आणि आयआयटी मद्रासमधलं एआयफॉरभारत भारतीय भाषांवर काम करतात. आपली बेळगावी मराठी, एकाच वाक्यात कन्नड क्रियापद आणि इंग्रजी औषधाचं नाव घेणारी, पुण्याच्या मराठीवर शिकलेल्या मॉडेलला नीट कळेल असं धरून चालता येत नाही. ती तपासून चुकांची वर्गवारी करून देणारा माणूस इथलाच हवा.

आता नोकऱ्या कुठे असतात ते. 'एआय इंजिनिअर' या एका नावामागे लागू नका. हे सॉफ्टवेअर रुग्णालयात जाऊन बसवणारे, तिथल्या पॅक्सशी, म्हणजे प्रतिमा साठवणाऱ्या यंत्रणेशी, जोडणारे, डॉक्टरांना शिकवणारे लोक लागतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मी आधी याच कामाकडे पाठवतो. त्यासाठी डायकॉम हे वैद्यकीय प्रतिमांच्या फाइलचं मानक म्हणजे काय, एक्स-रेच्या फाइलमध्ये प्रतिमेबरोबर कुठली माहिती असते, हे हाताने करून बघा. अशा फाइली साठवणारा ऑर्थँक नावाचा मोफत सर्व्हर घरच्या लॅपटॉपवर बसतो. नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी फायर (एफएचआयआर) नावाचं मानक आहे, आभाशी जोडलेल्या नोंदींची देवाणघेवाण त्यावर चालते. आजारांना आणि तपासण्यांना संकेत देणारं स्नोमेड सीटी भारतात मोफत वापरता येतं, त्याचं काम पुण्याच्या सी-डॅककडे आहे.

दुसरी वाट नियमांची, आणि तिकडे गर्दी कमी आहे. २०२० च्या अधिसूचनेनंतर निदानासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअर हेही वैद्यकीय उपकरण ठरतं, त्याला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. त्यामुळे कागदपत्रं, धोक्याचं मूल्यमापन, आयएसओ १३४८५ ही गुणवत्ता पद्धत सांभाळणारी माणसं लागतात. बी.फार्म. झालेल्या, नेटकं लिहिणाऱ्या मुलामुलींना हे काम चांगलं जमतं.

कंपन्या म्हणाल तर एक्स-रेवर मुंबईची क्युअर डॉट एआय, रक्ताच्या काचपट्ट्यांवर बेंगळुरूची सिगटपल, ईसीजीवर ट्रायकॉग, डोळ्यांच्या कॅमेऱ्यांत रेमिडिओ, सार्वजनिक आरोग्यात वाधवानी एआय. फिलिप्स, सीमेन्स हेल्थिनिअर्स, जीई हेल्थकेअर यांची मोठी केंद्रं बेंगळुरूत आहेत. जाहिराती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा.

पण पहिली नोकरी तिथेच हवी असा हट्ट धरू नका. बेळगावात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे. आयसीएमआरच्या संस्था प्रकल्पांसाठी ठरावीक मुदतीच्या जागा भरतात, त्यांच्या जाहिराती नियमित बघत चला. केएलईच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात माता-बाल आरोग्याचं संशोधन गेली कित्येक वर्षं चालू आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची जी चाचणी २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, ती आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या बायांवर झालेली आहे. अशा कामांत खेड्यातून नोंदी आणणारे, तपासणारे, सांभाळणारे लोक लागतात. पगार बेंगळुरूएवढा नसतो. पण हरवलेली नोंद कशी शोधायची, रुग्णाची संमती कशी घ्यायची, संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या आचारसमितीपुढे अर्ज कसा जातो, हे तिथे शिकायला मिळतं. दीड-दोन वर्षं असं काम करून मग बेंगळुरू किंवा पुण्याला अर्ज केलात तर तुमच्याशी फ्रेशर म्हणून कुणी बोलणार नाही. घरची अडचण नसेल आणि आधीच चांगली जागा मिळाली तर अवश्य जा, मी अडवत नाही. फक्त पेइंग गेस्टचं भाडं भरत, हातात काही नसताना बेंगळुरूत नोकरी शोधत बसणं मला पटत नाही.

रुग्णालयात शिरण्याचा रस्ता सरळ असू द्या. विभागप्रमुखांना पत्र लिहा, शक्य असल्यास कॉलेजातल्या प्राध्यापकांना बरोबर घ्या. 'मला डेटा द्या' असं म्हणू नका. 'तुमच्या विभागातलं कुठलं काम सगळ्यात जास्त वेळ खातं ते मला आठवडाभर बसून बघायचं आहे' असं म्हणा. डेटा मागणाऱ्याला दार बंद होतं, काम बघायला आलेल्याला खुर्ची मिळते. आणि एक गोष्ट कडकपणे पाळा: रुग्णाच्या नावाचा एकही एक्स-रे मोबाइलवर घ्यायचा नाही, पेनड्राइव्हवर आणायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही. ओळखीचे डॉक्टर स्वतःहून देत असले तरी नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे, आयसीएमआरची एआयसाठीची आचारतत्त्वंही त्याच वर्षीची. दोन्ही वाचा. आजारी माणसाने विश्वासाने दिलेली माहिती आहे ती, आणि लहान गावात एका टीबीच्या किंवा एचआयव्हीच्या रिपोर्टवरून मुलीचं लग्न मोडू शकतं. मुलाखतीत कुणी असा डेटा दाखवला तर माझ्याकडे त्याची निवड तिथेच थांबते.

आता भावाचं. त्याला वाव आहे, आणि कदाचित तुमच्याआधी. रक्ताची काचपट्टी, थुंकीची काचपट्टी, युरिनमधल्या पेशी वाचणारी यंत्रं येत आहेत. त्यांना शिकवायला पेशी ओळखून खूण करणारी, आणि यंत्राचं उत्तर बरोबर की चूक हे तपासणारी माणसं लागतात. डीएमएलटीवर थांबू नये, नोकरी सांभाळून जमेल तशी बीएमएलटी ही त्याच विषयातली पदवी करावी, कारण बऱ्याच ठिकाणी पदवीची अट असते. कोडिंग शिकायची घाई नको. एक्सेल पक्कं करावं, लॅबमधल्या क्वालिटी कंट्रोलचे आलेख कसे वाचतात ते वरिष्ठांकडून नीट शिकून घ्यावं, आणि काचपट्टी बघताना दोन तंत्रज्ञांचं मत कुठे जुळत नाही त्याची नोंद ठेवायला लागावं. ती नोंद ठेवताना रुग्णाचं नाव नको, फक्त पेशी, शंका आणि शेवटी डॉक्टरांनी काय ठरवलं ते. तुम्हा दोघांचा पहिला एकत्र प्रोजेक्ट त्यातूनच निघेल. लॅबच्या मालकांची लेखी परवानगी मात्र पहिल्या दिवशीच घ्या.